बलाला नाव-गाव विचारा: आठवी ते दहावीच्या मुलांसाठी बलाची पहिली ओळख

जूनमध्ये नवी तुकडी आली की पहिल्या तासाला मी फळ्यावर एक खडा काढते. कृष्णेच्या घाटावर उभं राहून तुम्ही हा खडा सरळ वर फेकलात. तो हातातून सुटलाय, अजून वर चाललाय. या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत ते बाणांनी दाखवा. हवेचा विरोध सोडून द्या.

जवळपास सगळ्या वह्यांत दोन बाण निघतात. एक खाली, गुरुत्वाकर्षणाचा. तो बरोबर. दुसरा वर, चांगला जाडजूड. त्याचं नाव विचारलं की कुणी म्हणतं हाताचं बल, कुणी म्हणतं फेकण्याचं बल. एका मुलाने एकदा लिहिलं होतं, "उरलेलं बल". मला ते उत्तर फार आवडलं, कारण सगळ्यांची चूक त्या एका शब्दात सापडते. दुपारच्या डब्यातली भाजी उरते तसं बल उरत नाही. हात खड्याला टेकलेला होता तोवर हाताचं बल होतं. हात सुटला, बल संपलं. उरली ती गती. आणि गती म्हणजे बल नव्हे.

म्हणून माझ्या तासाला बाण काढायचा नियम एकच आहे: नाव-गाव सांगितल्याशिवाय बाण काढायचा नाही. हे बल लावतंय कोण, आणि कोणावर? दोन्हींची उत्तरं देता आली तर बाण ठेवायचा, नाहीतर खोडरबर घ्यायचं. खड्याच्या वरच्या बाणाला विचारा, "लावतंय कोण?" हात? तो तर घाटावर राहिला. हवा? ती आपण सोडून दिली. कुणीच नाही. म्हणजे बाण गेला.

पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाभोवती फिरतात. सूत्रं शेवटी.

पायरी पहिली: एकच वस्तू निवडा

गणितात ट्रॅक्टर असतो, ट्रॉली असते, रस्ता असतो, ड्रायव्हर असतो. त्यातली एकच वस्तू निवडा आणि पेन्सिलने तिच्याभोवती गोल काढा. आता जगात दोनच गोष्टी आहेत: गोलातली वस्तू आणि बाहेरचं सगळं. बाहेरच्यांनी आतल्या वस्तूवर लावलेलीच बलं मोजायची. आतली वस्तू बाहेर कुणाला काय करते हा आत्ता आपला विषय नाही. ही पायरी फालतू वाटते, पण दहावीपर्यंतचे निम्मे गोंधळ ती गाळल्यामुळेच होतात.

पायरी दुसरी: लांबून हात घालणारे कोण?

स्पर्श न करता बल लावणारी मंडळी शाळेच्या अभ्यासात तीनच. गुरुत्वाकर्षण, चुंबक आणि विद्युतप्रभार. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो ते तिसऱ्यामुळे. यांना असंपर्क बलं म्हणतात. चुंबक किंवा प्रभार गणितात दिलेला नसेल तर यादीत राहतं एकटं गुरुत्वाकर्षण, आणि पृथ्वीवरच्या गणितात ते कधीच सुटत नाही.

इथे भाषेने आपली थोडी फसवणूक केली आहे. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्याचं "वजन पन्नास किलो" म्हणतात. शास्त्रात ते पन्नास किलो म्हणजे वस्तुमान, पोत्यात माल किती आहे त्याचं माप. वजन म्हणजे पृथ्वी त्या पोत्याला किती जोराने ओढते ते, आणि ते न्यूटनमध्ये मोजतात. एक किलोला पृथ्वी सुमारे ९.८ न्यूटन बलाने ओढते. म्हणून पोत्याचं वजन ५० × ९.८ = ४९० न्यूटन. एक न्यूटन म्हणजे केवढं, हे एकदा हाताला कळू द्या. शंभर ग्रॅमचा बिस्किटपुडा तळहातावर ठेवा. तो तळहाताला जेवढा दाबतो ते जवळपास एक न्यूटन.

हाच फरक तराजूतही दिसतो. जुना दोन पारड्यांचा तराजू मालाची तुलना वजनमापाशी करतो. तो चंद्रावर नेला तरी पन्नास किलोला पन्नास किलोच म्हणेल, कारण दोन्ही पारडी सारखीच हलकी होतील. स्प्रिंगचा ताणकाटा मात्र ओढ मोजतो. चंद्रावर तो साधारण एक षष्ठांश आकडा दाखवेल.

पायरी तिसरी: कडेने बोट फिरवा

आता निवडलेल्या वस्तूच्या कडेवरून खरोखर बोट फिरवा. जिथे जिथे दुसरं काही तिला टेकलंय तिथे थांबा. प्रत्येक स्पर्शाच्या जागी बल असू शकतं. न टेकलेल्या जागी संपर्क बल असूच शकत नाही. या फेरीत चार जण भेटतात.

पहिला टेका. टेबलावर तांब्या आहे. पृथ्वी त्याला खाली ओढते, तरी तो पडत नाही, कारण टेबल त्याला वर ढकलतं. "मॅडम, निर्जीव टेबल कसं ढकलेल?" हा प्रश्न दर वर्षी येतो आणि यायलाच हवा. प्लास्टिकची फूटपट्टी दोन वह्यांच्या गठ्ठ्यांवर आडवी ठेवा आणि मध्ये पेला ठेवा. पट्टी वाकते. वाकलेली पट्टी सरळ व्हायला बघते, म्हणजेच पेल्याला वर ढकलते. टेबलही असंच वाकतं, फक्त डोळ्यांना दिसणार नाही इतकं कमी. हे बल नेहमी पृष्ठभागाशी काटकोनात असतं, म्हणून त्याला लंब बल म्हणायचं.

दुसरं घर्षण. हे मला सगळ्यांत आवडतं, कारण सांगलीसारख्या कुस्तीच्या जिल्ह्यात ते शिकवायला पुस्तक उघडावं लागत नाही. १९६४ चे हिंदकेसरी मारुती माने आपल्याच कवठेपिरानचे. तालमीत पैलवान अंगाला तांबडी माती का चोळतो? घामाने अंग निसरडं झालं की पकड सुटते. मातीने घर्षण वाढतं आणि पकड बसते. पण घर्षण कळायचं असेल तर आकडा हाती यायला हवा. एक वीट घ्या, तिला दोरी बांधा, दोरीत ताणकाटा अडकवा आणि वीट फरशीवरून हळूहळू ओढा. काट्याकडे बघत राहा. आकडा वाढत जातो, वीट हलत नाही. दहा न्यूटन, बारा, पंधरा. वीट ढिम्म. आणि एका क्षणी ती सुटते आणि काटा झटकन खाली येतो. आमच्या तासाला तीन किलोची वीट शहाबादी फरशीवर अठरा न्यूटनच्या आसपास सुटली आणि चालू ठेवायला पंधरा पुरले.

त्या झटक्यात बरंच काही आहे. वीट थांबलेली असताना घर्षणाचा आकडा ठरलेला नव्हता. तुम्ही दहाने ओढलं तेव्हा घर्षण दहा होतं, पंधराने ओढलं तेव्हा पंधरा. समोरचा जेवढं ताणेल तेवढंच ताणायचं, पण मर्यादा गाठेपर्यंत. हे स्थितिक घर्षण. वीट सरकू लागली की गतिक घर्षण, आणि ते मर्यादेपेक्षा थोडं कमी असतं. कपाट हलवताना पहिला धक्काच जड का जातो ते इथे कळतं. आता तीच वीट कडेवर उभी करून ओढा. टेकलेली जागा कमी झाली म्हणून घर्षणही कमी होईल, असं बहुतेकांना वाटतं. काटा बघा, फारसा फरक पडत नाही. मग वर दुसरी वीट ठेवून ओढा, आकडा दुप्पट होतो. घर्षण ठरतं ते पृष्ठभाग कसे आहेत आणि एकमेकांना किती दाबतात यावर.

आणखी एक. "घर्षण नेहमी गतीला विरोध करतं" हे वाक्य पाठ केलं असेल तर विसरा. घर्षण घसरण्याला विरोध करतं. चालताना पाऊल मागे घसरू बघतं, म्हणून जमिनीचं घर्षण तुम्हाला पुढे ढकलतं.

तिसरा ताण. दोरी, तार, साखळी. दोरी फक्त ओढते, ढकलू शकत नाही. ताण ऐकायचा असेल तर मिरजेला सतारमेकर गल्लीत जा. कारागीर तंबोऱ्याची खुंटी पिळतो, तारेतला ताण वाढतो, स्वर चढतो. ताण दुप्पट केला तर स्वराची वारंवारता दुप्पट होत नाही. एक सप्तक वर जायला ताण चौपट लागतो, आणि तोवर तार बहुधा तुटलेली असते. परीक्षेतला सापळाही ताणातच असतो. दोरीची दोन टोकं दोन मुलं दोनशे-दोनशे न्यूटनने ओढत आहेत, दोरीत ताण किती? चारशे नव्हे, दोनशे. एका मुलाऐवजी दोरी खांबाला बांधा. खांबही दोनशेनेच ओढणार आणि दोरीला फरक कळणारच नाही.

चौथं प्लावक बल, पाण्यात असलेल्यांसाठी. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला रिकामा डबा बांधतात. पाच लिटरचा डबा पूर्ण बुडाला की पाच लिटर, म्हणजे पाच किलो पाणी बाजूला सरतं. त्या पाण्याचं वजन ४९ न्यूटन, आणि तेवढ्याच बलाने पाणी डब्याला वर ढकलतं. आर्किमिडीजचं तत्त्व ते हेच. २००५, २०१९, २०२१ चे महापूर सांगलीकराला सांगायला नकोत, पण त्यातली एक गोष्ट गणिताने समजून घ्या. हजार किलोच्या मोटारीने हजार लिटर पाणी बाजूला सारलं की ती तरंगू लागते. तेवढं व्हायला गाडी छतापर्यंत बुडावी लागत नाही. आणि तरंगायच्या बऱ्याच आधी चाकांवरचा भार कमी होतो, भार कमी म्हणजे घर्षण कमी, आणि उरलेलं काम वाहतं पाणी करतं.

पायरी चौथी: बेरीज

सगळे बाण काढून झाले की समोरासमोरचे वजा करायचे आणि एका दिशेचे मिळवायचे. जे उरतं ते निव्वळ बल. ते शून्य आलं तर वस्तू आहे तशीच राहते. थांबलेली असेल तर थांबलेली, चालत असेल तर त्याच वेगाने, त्याच दिशेने चालत. शून्य आलं नाही तर वेग बदलतो, आणि किती बदलतो ते न्यूटनचा दुसरा नियम सांगतो: निव्वळ बल = वस्तुमान × त्वरण. त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेग किती बदलतो ते. हे नियम १६८७ साली छापून आले.

मुलांच्या घशाखाली उतरत नाही ते "चालत असेल तर चालत". सायकलचं पायडल मारायचं थांबलं की सायकल थांबते, म्हणजे चालत राहायला बल लागतंच, असा रोजचा अनुभव आहे. पण सायकल बल संपल्यामुळे थांबत नाही. घर्षण आणि हवा तिला मागे ओढतात म्हणून थांबते. त्यांना खोडा आणि ती चालतच राहील.

एक गणित, सावकाश

ऊसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या रस्त्याला ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या दिसतात. पूर्वी हेच गणित बैल आणि नांगराचं असायचं, आणि लोखंडी नांगर घडवणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या जिल्ह्यात ते शोभायचंही. आता मुलांनी बैलापेक्षा ट्रॅक्टर जास्त बघितलाय.

समजा भरलेली एक ट्रॉली १०,००० किलोची. तिच्या चाकांना रस्त्याचा विरोध २,००० न्यूटन. ट्रॅक्टर सुटताना त्वरण ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग. ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली यांच्यातल्या हुकवर बल किती? आणि दोन ट्रॉल्यांमधल्या हुकवर?

गोल काढा, पण कुठे? आधी शेवटच्या ट्रॉलीभोवती. खाली पृथ्वीची ओढ आणि वर रस्त्याचा टेका, दोन्ही सारखे, एकमेकांना मिटवतात. आडव्या दिशेत पुढे हुक, मागे २,००० न्यूटन विरोध. त्वरणासाठी निव्वळ बल हवं १०,००० × ०.२ = २,०००. म्हणजे हुकने ओढायला हवं २,००० + २,००० = ४,००० न्यूटन.

आता गोल दोन्ही ट्रॉल्यांभोवती मिळून काढा. मधला हुक आता आत गेला, तो मोजायचा नाही. विरोध ४,०००, वस्तुमान २०,०००, निव्वळ बल ४,०००. पुढचा हुक ओढतो ८,००० न्यूटन. गोल बदलला की कोणती बलं दिसतात तेही बदलतं. गणितातली निम्मी हुशारी गोल कुठे काढायचा यात आहे.

सपाट रस्त्यावर एकसारखा वेग आला की त्वरण शून्य. मग मागच्या हुकवर २,००० आणि पुढच्या हुकवर ४,००० न्यूटन. म्हणजे तेव्हाही बल लागतं, पण फक्त विरोध फेडायला.

इथे कुणीतरी हात वर करतंच. "मॅडम, ट्रॅक्टर ट्रॉलीला जेवढं ओढतो तेवढंच ट्रॉली ट्रॅक्टरला मागे ओढते. न्यूटनचा तिसरा नियम. मग दोन्ही कटले की, गाडी हललीच नाही पाहिजे." प्रश्न हुशार आहे, उत्तर पहिल्या पायरीत आहे. दोन्ही बलं सारखी आहेत, उलट दिशेची आहेत, पण एकाच वस्तूवर नाहीत. एक ट्रॉलीवर, एक ट्रॅक्टरवर. ट्रॉलीच्या गोलात ट्रॅक्टरवरचं बल येतच नाही, मग ते कटणार कशाशी? सुरेशचं कर्ज रमेशच्या बचतीतून आपोआप वजा होत नाही.

आणि ट्रॅक्टरला पुढे कोण ढकलतं? इंजिन म्हणाल तर इंजिन ट्रॅक्टरच्याच पोटात आहे, गोलाच्या आत. ढकलतो तो रस्ता. मागचं टायर रस्त्याला मागे रेटतं, रस्ता टायरला पुढे रेटतो, घर्षणाने. खोटं वाटत असेल तर अवकाळी पडल्यावर फडावर जा. काळ्या रानात टायर जागच्या जागी गरगर फिरतं, चिखल मागे उडतो, इंजिन जीव खाऊन ओरडतं आणि ट्रॉली तसूभर हलत नाही. इंजिन तेच आहे, गेलं ते घर्षण. मग ड्रायव्हर खाली उतरून टायरखाली पाचट सारतो. त्याने न्यूटन वाचला नसेल, पण बल कुठून येतं ते त्याला पक्कं ठाऊक असतं.

याच नादात एक चूक पुसून टाका. टेबलावरच्या तांब्याचं वजन आणि टेबलाचा टेका ही तिसऱ्या नियमाची जोडी नाही, भले आकडे सारखे असोत. दोन्ही एकाच तांब्यावर आहेत, तिथेच जोडी मोडली. नाव-गाव उलटवून बघा. "पृथ्वी तांब्याला ओढते" याची जोडी "तांब्या पृथ्वीला ओढतो". "टेबल तांब्याला ढकलतं" याची जोडी "तांब्या टेबलाला ढकलतो". दोन नावांची अदलाबदल झाली की जोडी सापडली.

दोन बनावट बलं

एसटीने करकचून ब्रेक मारला आणि उभा प्रवासी पुढे गेला. पुढे फेकणारं बल कोणतं? नाव-गाव विचारा. मागून कुणी ढकललं नाही. बस थांबली, बसच्या तळाने पायांना थांबवलं, वरचं अंग आधीच्याच वेगाने चालत राहिलं. याला गतीचं जडत्व म्हणायचं. जडत्व हा वस्तूचा स्वभाव आहे, बल नाही, त्यामुळे त्याचा बाण काढायचा नाही.

दुसरी गोफण. जत-आटपाडीकडे शाळू राखताना गोफण फिरवतात. फिरणाऱ्या दगडावर बाहेर ओढणारं बल आहे असं वाटतं, कारण हाताला ओढ जाणवते. पण ती ओढ हातावर आहे, आपला गोल दगडाभोवती. दगडाला टेकलेली फक्त गोफण, आणि ती त्याला आत, हाताकडे ओढते. ते अभिकेंद्री बल. एक पदर सोडला की दगड हातापासून सरळ बाहेर उडत नाही. त्या क्षणी तो ज्या दिशेने चालला होता त्या स्पर्शरेषेत जातो. राखणदाराला ही वेळ साधता येते म्हणून पाखरं उडतात.

मुळातली चार

टेका, घर्षण, ताण अशी नावं रोजच्या सोयीची. निसर्गाच्या मुळाशी चारच बलं मानतात: गुरुत्वीय, विद्युतचुंबकीय, प्रबल केंद्रकीय आणि क्षीण केंद्रकीय. गंमत अशी की वर आपण कडेने बोट फिरवून जी जी संपर्क बलं शोधली, ती सगळी तळाशी विद्युतचुंबकीय आहेत. टेबलाचे अणू आणि तांब्याचे अणू यांच्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांना फार जवळ येऊ देत नाहीत, तोच टेका.

गुरुत्वाकर्षण आपल्याला सगळ्यांत मोठं वाटतं, पण चौघांत तेच सगळ्यांत दुबळं. दोन प्रोटॉनमधलं विद्युत प्रतिकर्षण त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या, एकावर छत्तीस शून्यं इतक्या पट मोठं असतं. कंगवा कपटा उचलतो तेव्हा खाली अख्खी पृथ्वी ओढत असते, तरी कंगवा जिंकतो. मग ग्रहताऱ्यांचा कारभार गुरुत्वाकर्षणाकडे कसा? कारण धन आणि ऋण प्रभार एकमेकांना मिटवतात, वस्तुमान मात्र सगळं एकाच बाजूचं, साठत जातं.

प्रबल बल केंद्रकातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनना बांधून ठेवतं, पण त्याची पोच अगदी तोकडी. एका मिलिमीटरचे एक लाख कोटी तुकडे केले तर त्यातल्या एखाद-दोन तुकड्यांएवढी. क्षीण बलाची पोच त्याहून कमी. त्याच्यामुळे न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो किंवा उलट, आणि सूर्यात हायड्रोजनचं हेलियम व्हायची सुरुवात त्यानेच होते. विद्युतचुंबकीय आणि क्षीण ही एकाच बलाची दोन रूपं आहेत हे मांडल्याबद्दल ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांना १९७९ चं नोबेल मिळालं. दहावीपर्यंत एवढं पुरे.

सरावाला

प्रत्येक वेळी गोल, नाव-गाव, बाण, बेरीज. याच क्रमाने.

एक: सुरुवातीचा खडा सगळ्यांत वरच्या टोकाला पोहोचला, वेग शून्य. निव्वळ बलही शून्य आहे का?

दोन: भिंतीला हाताने दाबून धरलेलं पुस्तक पडत नाही. त्याला वर कोण धरतंय? (पुस्तकावर चार बाण यायला हवेत, हाताचं घर्षणही मोजलं तर पाच.)

तीन: मिरजेतल्या एखाद्या दवाखान्याच्या लिफ्टमध्ये ५० किलोचा मुलगा वजनकाट्यावर उभा आहे. लिफ्ट वर सुटताना त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग. काटा किती किलो दाखवेल? उत्तर ५५ च्या थोडं वर यायला हवं. पन्नासच आलं असेल तर तुम्ही मुलावरचं निव्वळ बल शून्य धरलंय, त्वरण विसरलात. खोडा आणि पुन्हा काढा.